सेवा मंडळाचे काम आणि सभासदत्व : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळ, लालबाग आणि शिवडी या भागांत काम करणाऱ्या आमच्या सेवा मंडळाकडे वर्षभर साधारण तेच प्रश्न येत राहतात. काही व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, काही कार्यालयाच्या दारात विचारले जातात आणि बरेचसे रुग्णालयाजवळच्या मदतकक्षाच्या टेबलाशी उभे राहून विचारलेले असतात. ते शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत येथे दिले आहेत. उत्तराचा एखादा भाग दुसऱ्या प्रश्नाखाली आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक सांगितला आहे.

१. तुमचे मंडळ नेमके करते काय?

सर्वांत मोठे काम रुग्णालयांच्या परिसरातील मदतकक्षाचे आहे. १९२६ मध्ये सुरू झालेले केईएम, १९४१ मध्ये सुरू झालेले टाटा स्मारक आणि लहान मुलांचे वाडिया ही रुग्णालये परळमध्ये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तेथे बाहेरगावाहून येणाऱ्या माणसाला आजाराइतकाच त्रास केस पेपर कोठे काढायचा, कोणत्या इमारतीत जायचे आणि कोणता कागद राहिला, या प्रश्नांचा होतो. ते सांगायला आमची माणसे बसतात. त्याखेरीज रक्तदान शिबिरे, चाळींतल्या मुलांसाठी संध्याकाळची अभ्यासिका, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे दर आठवड्याची भेट आणि पावसाळ्यातील मदत पथक ही कामे चालतात. आम्ही नोकरी लावून देत नाही, भाड्याची खोली शोधून देत नाही आणि शाळाप्रवेशासाठी शिफारसपत्रही देत नाही. या तिन्ही गोष्टी दर आठवड्याला विचारल्या जातात, म्हणून येथेच सांगितल्या.

२. म्हणजे तुम्ही गणेशोत्सव मंडळच ना? लालबागमध्ये दुसरे कोणते मंडळ असते?

नाही, आम्ही गणपती बसवत नाही आणि उत्सवाची वर्गणीही गोळा करत नाही. मात्र गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून चालत आलेल्या सार्वजनिक उत्सवाच्या परंपरेने मुंबईला कार्यकर्त्यांची जी फळी दिली, तिच्यातूनच आमचे बरेच सभासद आले आहेत. दर्शनाच्या रांगेत वर्षानुवर्षे दोरी धरून उभा राहिलेला कार्यकर्ता केस पेपरच्या रांगेतली चिडचिड जितक्या शांतपणे हाताळतो, तितकी ती व्यवस्थापनाची पदवी घेतलेल्यालाही जमतेच असे नाही. उत्सवाच्या दिवसांत परिसरातील रस्ते बंद असतात आणि निम्मे सभासद आपापल्या मंडळांत गुंतलेले असतात, त्यामुळे त्या काळाचे पाळीपत्रक वेगळे लावले जाते.

३. रोटरी किंवा लायन्सशी तुमचा काही संबंध आहे का?

संबंध नाही. रोटरीची स्थापना १९०५ मध्ये शिकागोत झाली आणि लायन्सची १९१७ मध्ये त्याच शहरात. मुंबईत रोटरीचा क्लब १९२९ पासून आहे, तर लायन्स भारतात १९५६ मध्ये आले. त्या जागतिक संघटना आहेत आणि त्यांच्या क्लबांत नवा सभासद बहुधा जुन्या सभासदाच्या प्रस्तावावरून घेतला जातो. आमच्याकडे थेट अर्ज करता येतो. त्यांच्या कामाविषयी आम्हांला आदर आहे. रोटरीने १९८५ पासून धरलेल्या पोलिओ निर्मूलनाच्या कामाचे फळ आपण सर्वांनी पाहिले आहे : नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा दक्षिण-पूर्व आशिया प्रदेश पोलिओमुक्त घोषित झाला.

आमचे नाते सांगायचेच झाले तर ते गिरणगावातल्या जुन्या कामाशी आहे. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली आणि तिने कामगारवस्त्यांत रात्रशाळा व वाचनालये चालवली. अभ्यासिकेची कल्पना त्याच वळणाची आहे. रोटरी किंवा लायन्सचे सभासद असतानाही आमच्याकडे येता येते. प्रश्न सभासदत्वाचा नसून पाळीचा असतो, आणि त्याविषयी प्रश्न ६ पाहावा.

४. सभासद होण्यासाठी वय, शिक्षण, पत्ता यांच्या काय अटी आहेत?

वय १८ पूर्ण असावे. शिक्षणाची अट नाही. पत्ता परळचाच हवा असेही नाही. विरार आणि बदलापूरहून येणारे सभासद आहेत, फक्त त्यांनी परतीच्या लोकलचा विचार करून पाळी मागावी. मराठी येत नसल्याचा संकोच बाळगणाऱ्यांना मुद्दाम सांगावेसे वाटते, की टाटा रुग्णालयात बंगाल, बिहार आणि ईशान्येकडून येणाऱ्या रुग्णांची संख्या मोठी आहे आणि बांगला, असमिया किंवा भोजपुरी बोलणारी व्यक्ती टेबलाशी असली की कामाचा वेगच बदलतो. अशांची आम्हांला कायम गरज असते.

ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि एक छायाचित्र एवढी कागदपत्रे पुरतात. अभ्यासिकेत किंवा ज्येष्ठांच्या घरी काम करायचे असल्यास पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र लागते, आणि यातून ओळखीच्या किंवा जुन्या माणसांनाही सूट नाही. प्रथम तीन पाळ्या जुन्या सभासदाबरोबर कराव्या लागतात आणि त्यानंतरच अर्ज घेतला जातो. एवढ्यात दोन्ही बाजूंना अंदाज येतो.

५. वर्गणी किती आहे? सभासद न होता नुसते काम करता येईल का?

वार्षिक वर्गणी ५०० रुपये असून विद्यार्थ्यांसाठी ती १०० रुपये आहे. सभासद न होता स्वयंसेवक म्हणूनही काम करता येते आणि त्यासाठी काहीही भरावे लागत नाही. फरक मताधिकाराचा आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत मत देणे आणि कार्यकारिणीची निवडणूक लढवणे हे सभासदांनाच शक्य असते. येथे एक बारकावा आहे. संस्था नोंदणी कायदा, १८६० च्या कलम १५ नुसार ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक काळ थकली आहे त्याला मतदान करता येत नाही आणि तो सभासद म्हणून मोजलाही जात नाही. सभेच्या दिवशी दारात वर्गणी भरून आत येण्याचा प्रयत्न दरवर्षी कोणीतरी करतो आणि दरवर्षी तोच वाद होतो. तेव्हा वर्गणी एप्रिलमध्येच भरावी आणि पावती मागून घ्यावी.

६. पाळी म्हणजे काय आणि महिन्याला किती वेळ द्यावा लागतो?

ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी, तीन तास हजर राहणे म्हणजे एक पाळी. महिन्याला किमान दोन पाळ्या अपेक्षित आहेत. हे ऐकायला फारच थोडे वाटते आणि नवीन येणारे बहुतेक जण उत्साहाने आठवड्याला तीन पाळ्या मागतात. आम्ही त्या देत नाही. पहिले सहा महिने दोनच पाळ्या मिळतात, कारण मंडळाची अडचण उत्साहाच्या अभावामुळे होत नाही. ती माणूस येणार म्हणून धरलेली जागा ऐन वेळी रिकामी राहिल्यामुळे होते.

हे कसे घडते ते समजून घ्यावे. मदतकक्षावर एका वेळी दोघे असतात : एकाने टेबल सांभाळायचे आणि दुसऱ्याने गरज पडल्यास रुग्णाबरोबर इमारतीपर्यंत जायचे. दोघांतला एक आला नाही तर उरलेल्याला टेबल सोडता येत नाही. मग सोलापूरहून रात्रभर प्रवास करून आलेली माणसे तोंडी पत्ता ऐकून निघतात, चुकीच्या रांगेत उभी राहतात आणि बाह्यरुग्ण विभागाची नोंदणी बंद होते. त्यांचा तो दिवस वाया जातो आणि बहुधा पुढची रात्र पदपथावर जाते. महिन्यातून दोनदाच येणारा पण न चुकता येणारा सभासद म्हणूनच आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो.

येता येणार नसेल तर आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत पाळीप्रमुखांना कळवावे आणि शक्य असल्यास बदली माणूस स्वतःच ठरवावा. आजारपण, घरातील अडचण किंवा लोकल बंद पडणे यांसाठी कोणी जाब विचारत नाही. न कळवता सलग तीन पाळ्या चुकल्यास पाळीपत्रकातून नाव काढले जाते. सभासदत्व मात्र तसेच राहते.

७. मी नोकरी करतो आणि फक्त रविवारी मोकळा असतो. चालेल का?

चालेल, पण मदतकक्ष मिळणार नाही, कारण रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला बाह्यरुग्ण विभाग बंद असतात. रविवारी अभ्यासिका आणि ज्येष्ठांच्या भेटी असतात. नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारकांचे हयातीचे दाखले द्यायचे असतात, आणि मोबाईलवर चेहरा किंवा बोटाचा ठसा जुळत नाही म्हणून घाबरलेल्या आजी-आजोबांकडे जाऊन ते काम करून द्यायला तेव्हा माणसे कमी पडतात. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, म्हणून त्यांच्या भेटी आधी उरकतो.

८. मदतकक्षावर काय करावे लागते? मला वैद्यकीय माहिती अजिबात नाही.

ती नसलेलीच बरी. आजार, औषध किंवा डॉक्टर यांविषयी मत देण्यास आमच्या नियमांनुसार सक्त मनाई आहे आणि हा नियम सभासद असलेल्या डॉक्टरांनाही पाळीवर असताना लागू आहे. काम कागदांचे आणि वाटांचे आहे.

बहुतेक विचारणा उपचारांच्या खर्चाची असते. महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि तिच्यात ठरवून दिलेल्या उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात योजनेच्या वतीने मार्गदर्शन करणारा आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन रुग्णाला त्याच्यापर्यंत पोचवणे एवढेच आपले काम असते. परराज्यातील रुग्णाकडे आयुष्मान भारत कार्ड असेल तर ते योजनेत सामील असलेल्या येथील रुग्णालयातही चालू शकते, पण बरेच जण ते गावी पेटीत ठेवून येतात. अशा वेळी घरी फोन लावून कार्डाचे छायाचित्र मागवून घेण्यास सांगावे.

दुसरी सोय फारशी कोणाला ठाऊक नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ए-ए खाली येणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पहिल्या गटासाठी १ लाख ८० हजार आणि दुसऱ्यासाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. झगमगीत काचेच्या इमारती पाहून गरीब माणूस त्यांच्या दाराशीही जात नाही. त्यांतल्या काही धर्मादाय रुग्णालये आहेत, हे त्याला सांगणे हीच कधी कधी दिवसभरातील सर्वांत उपयोगी गोष्ट ठरते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका बरोबर असावी.

तिसरी विचारणा राहण्याच्या जागेची असते. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे आणि टाटाच्या रुग्णांची तेथे सोय होते. परंतु जागा मिळेल असे आश्वासन मात्र कोणीही देऊ नये. रुग्णाला कोठे पाठवले याची नोंद वहीत करावी, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या पाळीला तीच माणसे पुन्हा आली तर पहिल्यापासून विचारावे लागत नाही.

९. नातेवाइकांनी पैसे मागितले, किंवा आपल्याला देऊ केले, तर काय करावे?

दोन्ही प्रसंगी नकार द्यावा आणि तो सौम्यपणे द्यावा. रोख मदत मंडळ देत नाही. रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागाने पत्र दिले असेल तर औषधाचे बिल दुकानदाराला परस्पर चुकते केले जाते. स्वतःच्या खिशातून पैसे देण्याचा मोह होतो, हे आम्ही समजू शकतो. तरीही पाळीवर असताना तसे करू नये, कारण पुढच्या रांगेतील प्रत्येक जण तीच अपेक्षा घेऊन येतो आणि दुसऱ्या दिवशी बसणाऱ्या सभासदाला तिला तोंड द्यावे लागते. कृतज्ञतेने कोणी देणगी देऊ लागल्यास कार्यालयाचा पत्ता द्यावा. उपचार चालू असलेल्या कुटुंबाकडून आम्ही देणगी घेत नाही. गावाकडून आणलेला पेरू किंवा चिक्की नाकारून कोणाला दुखवावे, असे मात्र मंडळाचे म्हणणे नाही.

१०. माझे वडील नुकतेच कर्करोगाने गेले. त्याच रुग्णालयात मला सेवा करायची आहे. लगेच येऊ का?

अवश्य या, मात्र सुरुवातीचे काही महिने अभ्यासिकेची किंवा ज्येष्ठांच्या भेटीची पाळी घ्या, असे आम्ही सुचवू. रुग्णालयाच्या दाराशी रोज तीच फाईल आणि तोच प्रश्न समोर येतो, आणि ताज्या दुःखात असलेल्या माणसाच्या तोंडून नकळत स्वतःच्या घरची हकीकत निघते. ऐकणाऱ्याचा उपचार तेव्हा सुरूही झालेला नसतो, आणि आपल्या माणसाचेही असेच होणार, असे मनात घेऊन तो निघतो. ही पात्रतेविषयीची शंका नव्हे. आमच्या मदतकक्षावरील अत्यंत चांगल्या सभासदांपैकी काही जण याच वाटेने आले आहेत. मदतकक्षावर केव्हा यायचे हे तुम्ही आणि पाळीप्रमुखांनी मिळून ठरवावे.

११. रक्तदान कोणाला करता येते? सभासदांच्या घरच्यांना रक्त आधी मिळते का?

दात्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. पहिल्यांदाच रक्तदान करणाऱ्याचे वय ६० पेक्षा जास्त असू नये. पुरुषांनी दोन रक्तदानांमध्ये ९० दिवसांचे आणि स्त्रियांनी १२० दिवसांचे अंतर ठेवावे. गोंदवून घेतल्यावर वर्षभर रक्त देता येत नाही, आणि हल्लीच्या तरुणांना परत पाठवावे लागण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. अंतिम निर्णय शिबिरातील डॉक्टरांचा असतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. रक्त मंडळाच्या मालकीचे नसते. ते परवानाधारक रक्तपेढी गोळा करते आणि वैद्यकीय गरजेनुसार देते. कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाचा साठा आहे हे ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. पेढी घेते ते प्रक्रियाशुल्क असते, रक्ताची किंमत नव्हे. पैसे घेऊन रक्त देणारा माणूस गाठून देतो असे कोणी म्हणाले, तर त्याच्यापासून दूर राहावे. पैशाच्या बदल्यात रक्त देण्यावर देशात १९९८ पासून बंदी आहे.

१२. शिबिर मे महिन्यातच का घेता? एवढ्या उन्हात कोण येणार?

कोणी येत नाही म्हणूनच. महाविद्यालये बंद असतात, अर्धी मुंबई कोकणात किंवा गावी गेलेली असते आणि रक्ताचा साठा नेमका तेव्हाच आटतो. दिवाळीच्या सुट्टीतही असेच होते. लाल पेशी महिनाभराहून थोड्या अधिक काळ टिकतात, पण प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, त्यामुळे जानेवारीत नेत्यांच्या वाढदिवसांना उसळलेले रक्तदान मे महिन्यात उपयोगी पडत नाही.

१३. पाणी तुंबले की मलाही मदतीला बाहेर पडायचे आहे. कोठे यावे?

चालत येण्याच्या अंतरावर राहत नसाल तर कोठेही येऊ नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मदतीला निघालेली माणसेही वाटेत अडकली होती. आमचे पावसाळी पथक म्हणूनच फक्त परिसरातील रहिवाशांचे आहे. हिंदमाता आणि परळच्या सखल भागांत भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाण्याचा निचरा मंदावतो. साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या तारखा आम्ही जूनमध्येच फलकावर लावतो. पथकाचे काम अडकलेल्यांना चहा, पाणी व बसायला जागा देणे, आणि उघडे मॅनहोल किंवा पडलेले झाड दिसल्यास पालिकेच्या १९१६ या क्रमांकावर कळवणे एवढेच आहे. मॅनहोलचे झाकण स्वतः काढणे किंवा लावणे हा प्रकार कोणीही करू नये.

पाण्यातून चालावे लागलेल्या प्रत्येकाने लेप्टोस्पायरोसिसचा धोका ध्यानात घेऊन ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जावे, आणि पायाला जखम असेल तर त्याच दिवशी जावे. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नये.

१४. माझी मुलगी १५ वर्षांची आहे. तिला काही काम देता येईल का?

सभासदत्व देता येणार नाही आणि रुग्णालयात किंवा पावसाळी पथकात पाठवता येणार नाही. अभ्यासिकेत पालकांच्या लेखी संमतीने धाकट्या मुलांना वाचून दाखवण्याचे काम मिळू शकते. याहून महत्त्वाचे असे एक काम तिच्या वयाच्या मुलांनाच करता येते, त्याविषयी पुढचा प्रश्न पाहावा.

१५. मी पदवीधर आहे. दहावीच्या अंध विद्यार्थ्याचा लेखनिक होऊ शकतो का?

नाही, आणि हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थ्यापेक्षा कमी असावे, असे सर्वसाधारण तत्त्व आहे; उत्तर परीक्षार्थ्याचेच असावे हा त्यामागचा हेतू. त्यामुळे दहावीच्या विद्यार्थ्याला आठवी-नववीतील मूल लागते, आणि अशी मुले फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळता मिळत नाहीत, कारण त्यांच्याही परीक्षा जवळ आलेल्या असतात. प्रत्येक परीक्षा मंडळाची कागदपत्रे वेगळी असल्यामुळे शाळेमार्फत अर्ज आधी करावा लागतो. पदवीधरांनी वर्षभर पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करावीत आणि सराव प्रश्नपत्रिका सोडवून घ्याव्यात. तेथे शिक्षणाची मर्यादा आड येत नाही.

१६. कॉलेजसाठी प्रमाणपत्र आणि एनएसएसचे तास मिळतील का?

केलेल्या पाळ्यांचे पत्र मिळते, न केलेल्यांचे मिळत नाही. एनएसएसमध्ये वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात, पण कोणते काम त्यात धरायचे हे महाविद्यालयाचे कार्यक्रम अधिकारी ठरवतात. त्यांची परवानगी काम सुरू करण्याआधी आणावी.

१७. देणगी दिल्यास प्राप्तिकरात सवलत मिळते का?

८०जी या नावाने ओळखली जाणारी सवलत मिळते. मात्र त्यासाठी देणगीदाराने जुनी करप्रणाली निवडलेली असावी लागते, कारण नव्या प्रणालीत ही वजावट नाही. २,००० रुपयांहून अधिक रक्कम रोख दिल्यास वजावट मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा यूपीआयने द्यावी आणि पॅन कळवावा. आमच्या पावतीखेरीज आयकर विभागाच्या संकेतस्थळावरून निघालेले देणगी प्रमाणपत्रही लागते आणि ते आर्थिक वर्ष संपल्यानंतर मिळते. मार्चमध्ये देणगी देऊन दुसऱ्याच दिवशी ते मागणाऱ्यांना आमचे खजिनदार हेच उत्तर देतात. औषधे, पुस्तके किंवा ब्लँकेट अशा वस्तुरूप देणगीवर ही सवलत नाही.

१८. माझा भाऊ अमेरिकेत असतो. त्याने पैसे पाठवले तर चालतील का?

हे त्याच्या पारपत्रावर अवलंबून आहे. तो भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत रक्कम पाठवत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तींना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरीही, परकीय अंशदान विनियमन कायदा, २०१० लागू होतो. त्या कायद्याखालील नोंदणी आमच्याकडे नाही, त्यामुळे असे पैसे आम्ही परत करतो. त्याने तुमच्या खात्यात पैसे पाठवायचे आणि तुम्ही ते आम्हांला द्यायचे, हा मार्ग सुचवू नये. त्यात आपण सर्वच अडचणीत येऊ.

१९. आमच्या कंपनीतील ५० जणांना एक दिवस सेवा करायची आहे. व्यवस्था होईल का?

मदतकक्षावर होणार नाही. त्या टेबलाशी दोन माणसांची जागा आहे आणि ५० जणांच्या सारख्या टी-शर्टांनी रुग्णांची वाटच अडते. अभ्यासिकेची रंगरंगोटी, पुस्तकांची नोंदणी किंवा कंपनीच्याच आवारात रक्तदान शिबिर अशी कामे देता येतील. मे महिन्यातील शिबिर आम्हांला विशेष हवे आहे, त्याचे कारण प्रश्न १२ मध्ये आहे. रुग्ण, मुले आणि ज्येष्ठ यांची छायाचित्रे काढण्यास मनाई आहे आणि हा नियम कंपनीच्या अहवालासाठीही शिथिल होत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालील सामाजिक दायित्व निधीविषयी खजिनदारांशी स्वतंत्रपणे बोलावे.

२०. मी एका राजकीय पक्षाचा पदाधिकारी आहे. सभासद होता येईल का?

होता येईल आणि असे सभासद निरनिराळ्या पक्षांचे आहेत. पाळीवर पक्षाचा बिल्ला, उपरणे किंवा पत्रक चालत नाही. निवडणुकीला उभे राहिल्यास अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत पाळी थांबवावी लागते आणि कार्यकारिणीत असल्यास त्या पदाचा राजीनामा द्यावा लागतो. कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अहवाल दाखल करणे बंधनकारक असते, म्हणून तोंडी राजीनामा स्वीकारला जात नाही.

२१. मंडळ सोडायचे असेल तर काय करावे? पुन्हा येता येते का?

सरचिटणीसांच्या नावे दोन ओळींचे पत्र पुरते आणि कारण देण्याची गरज नसते. ओळखपत्र, पावतीपुस्तक आणि अभ्यासिकेची किल्ली यांपैकी जे जवळ असेल ते परत करावे. ज्येष्ठांच्या भेटीची पाळी असल्यास शेवटच्या भेटीला नव्या सभासदाला बरोबर नेऊन ओळख करून द्यावी, कारण त्या घरातील माणसाला न सांगता नाहीसे होणे योग्य नव्हे. वर्गणी परत मिळत नाही. पुन्हा यायचे झाल्यास पहिल्या तीन पाळ्या नव्याने कराव्या लागतात. मात्र सोडून दोन वर्षे झालेली नसतील तर पोलीस पडताळणी पुन्हा मागितली जात नाही.